हा म्हणजे नेमका कोण?

राजकारणावरची मालिका मराठी घरात कुणी बघत नाही, ओळखतात. पहिल्या भागाची पहिली दहा मिनिटं सरायच्या आत कुणीतरी पडद्याकडे बोट करून विचारतंच, "हा म्हणजे नेमका कोण?" प्रश्न नटाबद्दलचा नसतो. नट कोण ते सगळ्यांना ठाऊक असतं. तो अतुल कुलकर्णी असतो. विचारायचं असतं ते त्या पात्राच्या सदऱ्यात कोणता खरा माणूस लपवलाय ते. सर्व पात्रं आणि घटना काल्पनिक असल्याची पाटी सुरुवातीलाच येऊन गेलेली असते. ती वाचून आमच्या खालच्या मजल्यावरचे नाना समाधानाने मान हलवतात. "काल्पनिक म्हणून लिहून द्यावं लागलंय ना? म्हणजे आहे. नक्की आहे कुणीतरी."

मी बोलतोय ते 'सिटी ऑफ ड्रीम्स'बद्दल. दिग्दर्शक नागेश कुकुनूर, मूळ मालिका हिंदी, पण माणसं सगळी आपली. पहिला सीझन हॉटस्टारवर आला 3 मे 2019 रोजी. महाराष्ट्रातलं लोकसभेचं शेवटचं मतदान 29 एप्रिलला झालं होतं, म्हणजे मुंबई-ठाण्याच्या बोटांवर शाई अजून ताजी होती. अमेय राव गायकवाड नावाच्या बड्या नेत्यावर गोळीबार होतो, तो कोमात जातो आणि गादी कुणाची यावरून मुलगा आशीष आणि मुलगी पौर्णिमा यांच्यात जुंपते, अशी ती सुरुवात. दुसरा सीझन 30 जुलै 2021 ला आला. तोवर पौर्णिमाताई मुख्यमंत्री होऊन बसल्या होत्या आणि शुद्धीवर आलेले वडील त्यांना खाली खेचायच्या खटपटीत होते. तिसरा आला 26 मे 2023 ला, आणि त्याच्या पहिल्या भागाचा आमच्या घरी जो पंचनामा झाला त्याची ही हकिकत.

तो दिवस शुक्रवारचा होता. आता, शुक्रवारी संध्याकाळी नवा सीझन उघडावा हे मालिकावाल्यांचं गणित बरोबरच असतं. पण त्या संध्याकाळी अहमदाबादेत मुंबई इंडियन्सची गुजरातशी गाठ होती आणि हरणाऱ्याला थेट घरी जायचं होतं. शुभमन गिलने 60 चेंडूंत 129 धावा चोपल्या. मुंबईचा डाव 171 वर आटोपला. त्यानंतर आमच्या डोंबिवलीच्या घरात दुसऱ्या कुणाची सत्ता जाताना बघायची कुणालाच इच्छा उरली नाही. फक्त भाची खोलीत गेली, दार लोटलं आणि पहाटेपर्यंत अख्खा सीझन एकटीने संपवून टाकला. शनिवारी संध्याकाळी आम्ही सगळे जमलो तेव्हा ती सोफ्याच्या हातावर बसून आमच्याकडे बघत होती. अशा माणसासमोर मालिका बघणं फार अवघड. कुणी म्हणालं, "हा बरा वाटतोय हो," की ती हळूच नखं बघायला लागते.

सुरुवात मागच्या सीझनच्या उजळणीने झाली, आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला. कारण मे 2023 चा महाराष्ट्र आठवा. 2 मे रोजी शरद पवारांनी पक्षाचं अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं होतं आणि 5 मे रोजी तो निर्णय मागे घेतला होता. 11 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सत्तासंघर्षाचा निकाल दिला होता, आणि तो निकाल नेमका कुणाच्या बाजूचा यावर दोन्ही बाजू पेढे वाटायच्या विचारात होत्या. एवढं सगळं डोक्यात कोंबलेलं असताना आत्या पडद्याकडे बघून म्हणाली,

"ते साहेब राजीनामा देतात, कार्यकर्ते रडतात, मग ते मागे घेतात. तो भाग गेल्या सीझनचाच ना?"

"नाही आत्या, ती बातमी."

"आणि ते विमानाने गुवाहाटीला जाऊन हॉटेलात राहतात?"

"तीपण बातमीच."

"मग बाँबस्फोटात मुख्यमंत्रीणबाईचा मुलगा जातो ते?"

"ते मालिकेतलं."

"सुटले बाई," आत्या म्हणाली आणि मटाराच्या शेंगा सोलायला घेतल्या.

तर मुलगा गेल्यामुळे मुख्यमंत्री बेपत्ता आहेत आणि त्यांचा शोध थेट थायलंडपर्यंत चाललाय, इथून तिसरा सीझन सुरू होतो. राज्याचा मुख्यमंत्री नाहीसा होणं ही म्हटलं तर केवढी मोठी गोष्ट! पण आमच्या काकांनी त्यावर भुवईसुद्धा उचलली नाही. काका मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. उभी हयात सकाळची फास्ट लोकल आणि सीएसटीहून पुढची बस यांत गेली. मुख्यमंत्री कुठे आहेत हा प्रश्न त्यांच्या मते प्रशासनाला कधीच पडत नाही. प्रशासनाला पडणारा प्रश्न असतो फाइल कुठे आहे.

आणि राजकीय मालिकेत फाइल दिसली की काका सरसावून बसतात. तांदळातले खडे निवडावेत तसे ते दृश्य निवडायला लागतात. मालिकेतला नेता फाइल मागवतो, कुणीतरी ती आणून टेबलावर ठेवतो, नेता न वाचता सही ठोकतो आणि पुढच्या दृश्यात जमीन बिल्डरच्या घशात. काकांचा चेहरा बघवत नाही तेव्हा. "अहो, टिपणी कुठाय? कुणी मांडली? कक्ष अधिकाऱ्याने मांडायची, अवर सचिवांनी बघायची, मग उपसचिव, मग सचिव. पैशाचा विषय म्हणजे वित्त विभाग आला. वित्त विभाग 'चर्चा करावी' एवढंच लिहून परत पाठवणार. चर्चा करायला ते जागेवर सापडणार नाहीत. कायद्याचा मुद्दा निघाला की विधी व न्याय. तिथून ती परत येईपर्यंत अधिवेशन तोंडावर आलेलं असतं आणि सगळे लक्षवेधीच्या उत्तरांत अडकलेले. सहाव्या मजल्यावर फाइल पोचणं म्हणजे काय खाऊ आहे?" सहावा मजला म्हणजे मुख्यमंत्र्यांचं कार्यालय. काका हे दोन शब्द उच्चारताना आवाज थोडा खाली आणतात. इतक्या वर्षांची सवय आहे ती.

काकांना एकदा सगळ्यांनी हसून घेतलं. मग भाचीने, जिला अमेरिकेतलं सगळं माहीत असतं, एक गोष्ट सांगितली. 'हाउस ऑफ कार्ड्स' नावाची मालिका नेटफ्लिक्सने 2013 च्या फेब्रुवारीत आणली. तिच्यातला फ्रँक अंडरवुड नावाचा पुढारी खोटेपणा, धमक्या, खून या पायऱ्यांनी वर चढत जातो. बिल क्लिंटन तिचे चाहते. त्यांचं मत त्यात काम करणाऱ्या केव्हिन स्पेसीने पुढे मुलाखतीत सांगितलं होतं. ते असं, की मालिकेतलं 99 टक्के खरं आहे. उरलेला एक टक्का खोटा, कारण शिक्षणाचं विधेयक इतक्या झटपट कधीच मंजूर होत नाही. ओबामांनीही 2013 च्या डिसेंबरात कंपन्यांच्या प्रमुखांसमोर बोलताना, आपल्याकडची कामं त्या मालिकेतल्यासारखी निर्दय झपाट्याने झाली असती तर बरं झालं असतं, अशा अर्थाची खंत व्यक्त केली होती. दोन राष्ट्राध्यक्ष, आणि दोघांचीही हरकत खुनाला नव्हती. वेगाला होती.

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शिक्षण विभाग ना? अडकणारच. जगात कुठेही." आणि क्लिंटनबद्दल त्यांचं मत त्या दिवसापासून बदललं.

नानांचं खातं वेगळं. नाना जुने कार्यकर्ते. पक्ष कोणता ते विचारू नये. अलीकडे त्यांनाही एका वाक्यात सांगता येत नाही. त्यांनी सतरंज्या उचलल्यात, भिंती रंगवल्यात, सभेला ट्रक भरून माणसं नेलीत आणि परत आणताना मोजूनही घेतलीत. मालिकेत मुख्य पात्रं काय बोलतात याकडे त्यांचं लक्ष नसतं. ते मागे बघत असतात. नेत्याच्या मागे उभं कोण आहे, किती अंतरावर आहे, त्याच्या हातात फोन एक आहे की दोन. "कॅमेऱ्यासमोर साहेबांच्या खांद्याच्या वर स्वतःचं डोकं येईल असं उभं राहणं याला कला लागते," नाना म्हणाले. "ही ज्युनिअर मंडळी आहेत बघ. सगळे साहेबांकडे बघतायत. खरा कार्यकर्ता साहेबांकडे बघत नाही, कॅमेऱ्याकडे बघतो." मी लक्ष देऊन पाहिलं. खरंच होतं. आणि त्यानंतर मला कुठल्याही मालिकेतली पुढची रांग दिसेनाशी झाली आहे, हे नानांचे उपकार.

त्यांची दुसरी तक्रार चहाची. नेत्याच्या बंगल्यावर माणसं येतात, कारस्थान शिजतं, माणसं जातात. चहा येत नाही. आलाच तर कपबशीत येतो आणि कुणी पीत नाही. "चहाशिवाय फूट पडलेली मी तरी पाहिली नाही," इति नाना.

त्यावर काकांनी 'सिंहासन' काढला. तो निघणारच होता. मराठी घरात राजकारणावरचं काहीही लागलं तरी पहिल्या तासाभरात 'सिंहासन' निघतो. जब्बार पटेलांचा 1979 चा चित्रपट, अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांवरचा, पटकथा विजय तेंडुलकरांची. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, श्रीराम लागू अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, आणि हे सगळं बघून बघून शेवटी वेडा होणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. काका म्हणतात, त्यात कुणी कुणाला गोळी घातली नाही तरी घाम फुटायचा. नाना म्हणतात, आणि त्यातल्या लोकांना मराठी बोलताना लाजही वाटत नव्हती. कारण गायकवाडांच्या घरात बाप-लेक हिंदीत भांडतात हे नानांना मंजूर नाही. माणूस सत्ता कोणत्याही भाषेत घालवेल, पण मुलीवर ओरडताना तो मराठीतच ओरडणार, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. बाकी नव्या पिढीवर 'सिंहासन'चा धाक दाखवून नव्या मालिकेला गप्प करायचं, हे मला पटत नाही. त्या काळातही घरातल्या कुणा आजोबांनी 'सिंहासन' बघून यशवंतरावांचा काळ काढलाच असणार.

आता आत्या. तिला 'हा म्हणजे कोण' हा प्रश्न पडत नाही, कारण तिच्याकडे उत्तरं तयार असतात. प्रिया बापट म्हणजे उमेश कामतची बायको. सिद्धार्थ चांदेकर म्हणजे 'अग्निहोत्र'मधला. अतुल कुलकर्णी म्हणजे 'नटरंग'मधला गुणा, आणि ज्याने एवढे हाल सोसले तो आता पुढारी होऊन मुलीच्या मुळावर उठलाय हे तिला मुळीच खरं वाटत नाही. पण खरी पंचाईत सचिन पिळगावकरांची. मालिकेत ते जगदीश गुरव नावाचा मुरब्बी, आतल्या गाठीचा माणूस रंगवतात. ओठ मिटून बोलतात, डोळ्यांत काही दिसू देत नाहीत. काम सुरेखच. पण आत्याने 1988 सालापासून 'अशी ही बनवाबनवी' इतक्या वेळा पाहिलाय की हा माणूस दिसला की ती हसायच्या तयारीत बसते. गुरव दारामागे कुणाचं तरी बोलणं ऐकत उभा राहिला की तिला वाटतं आता हा आत जाईल आणि साडी नेसून बाहेर येईल. अतिशय गंभीर कटाच्या क्षणी ती खुदकन हसली आणि काकांनी दचकून आवाज कमी केला.

आवाज कमी करण्यावरून सांगायचं म्हणजे काकांच्या खोकल्याचं. वेब मालिका आली की शिव्या आल्या. सगळे एकत्र बसलेले, आत्या, भाची, नाना. पूर्वी काका रिमोट हातात धरून बसायचे आणि शिवी येऊन गेल्यावर आवाज बंद करायचे. त्यामुळे शिवी ऐकू यायची आणि पुढचं महत्त्वाचं वाक्य जायचं. आता त्यांनी पद्धत बदलली आहे. पात्राचा जबडा घट्ट झाला, आवाज एक पट्टी वर गेला की काका आधीच खोकायला लागतात. अंदाज सहसा चुकत नाही. भाचीचं म्हणणं, आजोबांच्या खोकल्यावरून तिला लेखकाची लय कळते.

आणि आता मला जे खरं सांगायचंय ते. त्या शनिवारी पहिला भाग संपला तेव्हा तक्रारींची यादी लांबलचक झाली होती. टिपणी नाही, चहा नाही, मागच्या माणसाची उभं राहायची रीत चुकली, भाषा चुकली, सचिनने गाणं म्हटलं नाही. पण बाप मुलीला गोत्यात आणतो, सत्तेच्या वाटेवर सख्खा भाऊ उरत नाही, पोलीस, बिल्डर आणि पैसा एका ताटात जेवतात, यावर एकाही माणसाने हरकत घेतली नव्हती. हे असंच असतं असं धरून आम्ही सगळे बसलो होतो. तेवढं सोडून उरलेल्या बारक्यासारक्या गोष्टींत मालिका खोटी पडली म्हणून नाराज झालो होतो. आमच्या विश्वासाचं हे मोजमाप बघून मालिकावाल्यांना आनंद व्हावा की खऱ्या पुढाऱ्यांना वाईट वाटावं, ते मला ठरवता येत नाही.

हे फक्त आमच्या दिवाणखान्यातलं नाही. 2021 च्या जानेवारीत ॲमेझॉनवर 'तांडव' आली होती. तीत पंतप्रधान असलेल्या बापाला मुलगाच विष घालतो. त्याबद्दल कुणी पोलिसांत गेल्याचं माझ्या तरी कानावर नाही. गदारोळ उठला तो पहिल्याच भागातल्या कॉलेजच्या नाटकाच्या प्रसंगावरून. ठिकठिकाणी गुन्हे नोंदले गेले, मालिकावाल्यांनी माफी मागितली आणि वादातला भाग कापला. प्रेक्षकाचा राग कुठे जाऊन बसेल याचा अंदाज पटकथा लिहिणाऱ्याला कधी येत नाही.

उलट कधी कधी मालिकाच प्रेक्षकाच्या पुढे धावते. ब्रिटनमध्ये 'हाउस ऑफ कार्ड्स'चा मूळ अवतार बीबीसीवर सुरू झाला तो 18 नोव्हेंबर 1990 रोजी, रविवारी. मायकेल डॉब्जची कादंबरी; हे गृहस्थ स्वतः हुजूर पक्षाच्या कार्यालयात वरच्या जागी होते, त्यामुळे चहा कोण आणतो ते त्यांना माहीत असणार. पहिल्याच दृश्यात फ्रान्सिस अर्कहार्ट टेबलावरची मार्गारेट थॅचर यांची तसबीर उचलतो, काहीबाही बोलतो आणि पालथी घालून ठेवतो. लोकांनी ते रविवारी रात्री बघितलं. गुरुवारी, 22 नोव्हेंबरला, थॅचरबाईंनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. तिथल्या नानांना त्या आठवड्यात 'हा कोण' विचारायची गरजच पडली नसेल.

आणि युक्रेनमध्ये तर लोकांनी कमालच केली. 'सर्व्हंट ऑफ द पीपल' या मालिकेत वोलोदिमिर झेलेन्स्की साध्या शाळामास्तराचं काम करत, जो योगायोगाने देशाचा राष्ट्राध्यक्ष होतो. तिचा तिसरा सीझन 27 मार्च 2019 ला सुरू झाला. चारच दिवसांनी, 31 मार्चला, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी होती आणि झेलेन्स्की उमेदवार होते. 21 एप्रिलला दुसरी फेरी झाली, त्यांना 73 टक्के मतं पडली. मालिका आवडल्याचं कळवायची ही पद्धत आमच्या काकांना फार अवजड वाटली. "मग आचारसंहितेचं काय?" एवढंच त्यांनी विचारलं. ते रात्रभर त्या विचारात होते.

आमचा तिसरा सीझन जूनमध्ये हळूहळू संपला. भाचीने शेवट कुणाला सांगितला नाही, याबद्दल तिला दोनदा आंबा आइस्क्रीम मिळालं. मग 2 जुलै आला. रविवार, दुपारची वेळ, आणि टीव्हीवर एकदम राजभवन. अजित पवार उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेत होते, मागोमाग आणखी आठ जण. नाना चपला न घालताच वर आले. आत्या पोळी तव्यावर ठेवून आली. आम्ही मालिकेला बसतो तसेच, ज्याच्या त्याच्या जागी बसलो. नानांनी मागे उभं कोण आहे ते बघायला घेतलं आणि समाधानाने म्हणाले, "बघ, सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत." भाचीने पुढे काय होणार ते आपल्याला माहीत असल्यासारखा चेहरा केला, पण या खेपेला तिलाही माहीत नव्हतं.

वाहिन्यांवर सगळे ओरडत होते की हे अचानक झालं, कुणाला कल्पना नव्हती, राजकीय भूकंप झाला. काकांनी आवाज कमी केला.

"अचानक कसलं," ते म्हणाले. "नऊ जणांच्या शपथेचे कागद टंकून हवेत. नावं बरोबर, वडिलांच्या नावासकट. राज्यपालांची वेळ घ्यायची, खुर्च्या मांडायच्या, पुष्पगुच्छ मोजून मागवायचे. आज रविवार. म्हणजे राजशिष्टाचारवाल्यांना सुट्टीच्या दिवशी बोलावलं असणार, आणि त्यासाठी शनिवारी कुणीतरी फोन केलेला असणार." मग थोडं थांबून, मंत्रालयात इतकी वर्षं काढलेल्या माणसाच्या कळवळ्याने त्यांनी विचारलं, "बदली रजा तरी देतील का रे त्यांना?"